घोरणं थांबण्याआधी

पुढे जो मुलगा येतो तो मी मांडलेला आहे. त्याला नाव दिलेलं नाही, त्याच्या कॉलेजलाही नाही. पण त्याच्या शरीरात त्या रात्री जे होतं ते अशा प्रत्येक रात्री साधारण याच क्रमानं होतं. आजूबाजूच्या तारखा, जप्त्या, कायदे आणि दवाखाने खरे आहेत. घटनाक्रम नेहमी माणूस गेल्यावर लिहिला जातो. कोण किती वाजता कुठं होतं, कुणी काय पाहिलं, फोन कधी लागला, हे चौकशी अहवालात येतं आणि अहवाल कपाटात जातो. हा घटनाक्रम मी आधी लिहितोय, कारण यातल्या जवळजवळ प्रत्येक तासाला कुणीतरी शेजारी बसलेलं असतं आणि काय चाललंय ते त्याला कळत नाही, किंवा कळूनही भीती वाटते.

काही वर्षं आधी

१९८०च्या दशकात मुंबई-पुण्याच्या तरुण पोरांत गर्दचं, म्हणजे ब्राउन शुगरचं, व्यसन पसरलं. अनिल अवचटांनी त्या मुलांविषयी लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. मनोविकारतज्ज्ञ असलेल्या अनिता अवचटांनी ते चालवलं. तेव्हा साताऱ्या-सांगलीच्या आईबापांना ही शहरातली गोष्ट वाटली असेल तर त्यात नवल नव्हतं.

आता तसं म्हणायला जागा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांच्या तपासाचा धागा विश्रांतवाडीहून कुरकुंभला, तिथून दिल्लीला आणि सांगलीला लागून असलेल्या कुपवाडला आला. कुपवाडमधून शंभर किलोहून जास्त मेफेड्रोन, म्हणजे एमडी, निघालं. महिनाभरातच मुंबईच्या गुन्हे शाखेनं कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत एमडी तयार करणारा कारखानाच पकडला. माल १२२.५ किलो, किंमत सुमारे २४५ कोटी. त्या तपासाची सुरुवात कुर्ल्यात एका बाईकडे सापडलेल्या काहीशे ग्रॅमपासून झाली होती. जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ कार्वे औद्योगिक वसाहतीत आणखी एक कारखाना सापडला. डिसेंबर २०२५ मध्ये साताऱ्यातल्या जावळी तालुक्यात सावरीला आणखी एक.

एमडी अफूच्या कुळातलं नाही. ते मेंदूला पळवतं, झोप उडवतं, छातीत धडधड वाढवतं. अफूच्या कुळातली औषधं मेंदूला निजवतात आणि त्याबरोबर श्वासालाही निजवतात. पण नशेचा बाजार एकदा गावात शिरला की एकाच मालावर थांबत नाही. रात्रभर जागवणारं काही घेतलेला मुलगा पहाटे ‘उतरवायला’ गोळी शोधतो. जिममध्ये रक्तदाब वाढवण्याचं इंजेक्शन घेणारा अंग दुखायला लागलं की वेदनाशामकाकडे वळतो. दिल्लीच्या एम्सनं २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीत अफूजन्य पदार्थ वापरणाऱ्यांची देशातली संख्या सुमारे २.२६ कोटी आणि त्यांतल्या मदतीची गरज असलेल्यांची सुमारे ७७ लाख धरली होती. या ७७ लाखांतले निम्म्याहून अधिक ज्या मोजक्या राज्यांत आहेत त्यांत महाराष्ट्र आहे. त्या पाहणीत हेरॉइनच्या खालोखाल आकडा आहे तो औषधाच्या पाकिटातून येणाऱ्या गोळ्यांचा. आपल्या मुलाच्या हातात पुडी कधी दिसणार नाही असं मानणाऱ्या घरांनी या ओळीवर थांबावं.

दुपारी ४:००

मुलगा खटाव तालुक्यातला. वडील गलाईच्या धंद्यात, दक्षिणेत कुठंतरी सोन्याचांदीचा गाळ आटवतात, दिवाळीला आणि यात्रेला घरी येतात. हा सांगलीत दुसऱ्या वर्षाला, विश्रामबागेतल्या वसतिगृहात. कबड्डीत गुडघा दुखावलाय. एक ओळखीचा पोरगा त्याला गोळ्यांची पट्टी देतो. ट्रॅमाडॉल.

हे औषध वाईट नाही. शस्त्रक्रियेनंतर, कर्करोगाच्या दुखण्यात डॉक्टर ते देतात आणि माणसाला झोप लागते. पण ते अफूच्या कुळातलं आहे, आणि म्हणूनच केंद्र सरकारनं २०१८ मध्ये ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आणलं. त्याआधीपासून ते ‘शेड्यूल एच-१’ मध्ये आहे: दुकानदारानं चिठ्ठी पाहूनच द्यायचं, डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव आणि दिलेली मात्रा वेगळ्या वहीत लिहायची आणि ती वही तीन वर्षं जपायची. ही पट्टी कुठल्या वहीत नोंदली गेली असेल का, हा प्रश्न अन्न व औषध प्रशासनाचा आहे आणि तो त्यांनी रोज विचारायला हवा. मुलाच्या हातात मात्र ती ‘पेनकिलर’ म्हणून येते. पेनकिलर या शब्दात घाबरण्यासारखं काही नसतं.

संध्याकाळी ७:३०

गोळी घेतली. अर्ध्या तासात काही जाणवलं नाही म्हणून आणखी घेतली. तोंडानं घेतलेल्या अशा गोळीचा पूर्ण जोर चढायला दीड-दोन तास लागतात, सावकाश विरघळणाऱ्या प्रकाराला त्याहून जास्त. त्यामुळं ‘लागू पडली नाही’ असं वाटून घेतलेली दुसरी मात्रा पहिलीच्या खांद्यावर चढते. या वेळी मुलगा अगदी ठीक आहे. मेसमध्ये जेवलाय, आईशी बोललाय.

रात्री ९:४५

कुणाचा तरी वाढदिवस. गच्चीवर केक, मग दारू. मग कुणीतरी झोपेची अर्धी गोळी देतो, ‘मस्त वाटतं’ म्हणून.

मेंदूच्या देठात, मानेच्या वर, श्वासाचा ठेका धरणाऱ्या पेशींचा एक छोटा पुंजका आहे. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की तो छातीला हुकूम देतो: घे श्वास. आपण झोपेतही श्वास घेतो तो त्याच्या जागेपणावर. अफूजन्य औषध या पुंजक्याला बधिर करतं. दारू आणि झोपेची गोळी वेगळ्या वाटेनं तेच करतात. तिन्ही एकत्र आले की परिणामांची नुसती बेरीज होत नाही, एक दुसऱ्याला वाढवत नेतो. ज्या मात्रेत यातलं कुठलंच एकटं मारत नाही, त्याच मात्रेत तिन्ही मिळून मारू शकतात. पोरं म्हणतात, ‘एवढ्यानं काय होतंय लगा.’ तसं म्हणण्याआधी त्यांना हे कुणीतरी सांगितलेलं असायला हवं होतं.

रात्री ११:१५

तो नाक खाजवतोय. बोलता बोलता मान खाली जाते, हाक मारली की वर येते, पुन्हा खाली. सगळे हसतात. एक जण मोबाइलवर चित्रण करतो.

रात्री ११:५०

दोघं त्याला खांदा देऊन खोलीत आणतात आणि पलंगावर उताणा टाकतात.

रात्री १२:२०

तो घोरायला लागतो. रूम पार्टनर जतचा, तोही थकलेला. एरवी हा घोरत नाही हे त्याला ठाऊक आहे. पण आज प्यायलाय, म्हणून घोरत असेल. दारातून डोकावणारा मित्र म्हणतो, “आरं झोपू दे की त्याला. सकाळी उठंल.”

या क्षणी खोलीत त्या मुलाला वाचवणारी सगळी माहिती हजर आहे, फक्त ती वाचता येत नाही. हे घोरणं साधं नाही. खोल, ओलसर, घशात पाणी खळखळल्यासारखं. जीभ सैल होऊन मागं पडली आहे आणि हवा अडत अडत आत जाते. छाती पाहिली तर श्वास मोजता येतो: जागा माणूस मिनिटाला बारा ते वीस घेतो, हा सात-आठ. पापणी उचलून मोबाइलचा उजेड टाकला तर डोळ्यातली काळी बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. ओठ आणि नखं निळसर, काळसर. सावळ्या कातडीवर ते पटकन दिसत नाही, म्हणून ओठ उलटून आतली बाजू आणि हिरड्या पाहायच्या. आणि शेवटची परीक्षा: छातीच्या मधल्या हाडावर मूठ घट्ट रगडायची, मोठ्यानं नाव घ्यायचं. दुखण्यानंही जो हलत नाही तो झोपलेला नाही.

बाहुली बारीक, श्वास मंद, उठवून न उठणं. या तीन खुणा डॉक्टरांना पाढ्यासारख्या पाठ असतात. वसतिगृहातल्या मुलांनाही दहा मिनिटांत शिकवता येतील. २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन म्हणून आपल्याकडं प्रभातफेरी निघते, फलक धरले जातात, शपथ होते. त्याच सकाळी कुणी त्यांना पलंगावर आडवं करून श्वास मोजायला का शिकवत नाही, हा माझा खरा राग आहे.

रात्री १२:५०

पार्टनरला झोप लागत नाही. तो उठतो, दिवा लावतो, ओठांकडं पाहतो. त्याला काहीतरी बिनसलंय हे कळतं. मोबाइल हातात आहे. १०८ हा आकडा त्याला पाठ आहे. २०१४ पासून राज्यात ही अँब्युलन्स सेवा आहे, आणि ती उभी करणाऱ्या कंपनीचे संस्थापक साताऱ्याच्या रहिमतपूरचे, म्हणून या भागात त्याचं कौतुकही आहे. विश्रामबागेतून सांगलीचं सिव्हिल जवळ. मिरजेचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही रात्रीच्या मोकळ्या रस्त्यानं काही मिनिटांवर. ज्या मिरजेत वॉन्लेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभं केलं आणि नंतर अख्खं गाव दवाखान्यांनी भरलं, तिच्या सावलीत ही खोली आहे. महाराष्ट्रात फार थोड्या वसतिगृहांना एवढे डॉक्टर इतके जवळ लाभले असतील.

फोन मात्र होत नाही. तो का होत नाही हे नीट पाहायला हवं, कारण ही रात्र इथंच हातातून जाते.

पार्टनरच्या डोक्यात एकामागून एक माणसं उभी राहतात. रेक्टर सर: ते उद्या सगळ्यांना खोली रिकामी करायला सांगतील. प्राचार्य: नाव काढून टाकतील. पोलिस: गच्चीवरच्या बाटल्या, ती पट्टी, कुणी दिली, कुणी घेतली. मुलाचे वडील: आटवणीच्या भट्टीसमोर उभं राहून फी पाठवणारा माणूस, त्याला काय सांगायचं? आणि स्वतःची आई. मग तो मित्रांना उठवतो. चौघं खोलीत जमतात, कुजबुजत. “सर तर रात्रीतच घरी फोन लावतील.” “पोलीस केस झाली तर भरतीचं काय?” ज्याला पोलिस भरतीला जायचंय तो गप्प होतो.

ही भीती पोरकट नाही. अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा, आणि त्याच्या कलम २७ खाली नुसतं सेवन हाही गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. विषबाधेचा रुग्ण आला की दवाखाना एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण, नोंदवतो आणि पोलिसांना कळवतो. त्याच कायद्यात कलम ६४ अ आहे: व्यसनात सापडलेला माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. पण मित्राचा जीव वाचवायला फोन करणाऱ्याला सरळ शब्दांत अभय देणारं कलम आपल्याकडं नाही. रस्त्यावरच्या अपघातात धावून जाणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात ते अभय मिळालं, खोलीत निळा पडत चाललेल्या मित्रासाठी धावणाऱ्याला मिळालं नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यानं २००७ मध्ये असा कायदा केला, आणि मग बहुतेक राज्यांनी. आपल्या संसदेनंही तो करावा. पण त्याची वाट पाहत बसायचं कारण नाही. या चौघांना त्या वेळी पहिली भीती दिल्लीच्या कायद्याची वाटत नव्हती, खालच्या मजल्यावर झोपलेल्या रेक्टरांची वाटत होती. ती भीती काढून टाकणं कॉलेजच्या हातात आहे, एका परिपत्रकानं.

चाळीस मिनिटं जातात. या चाळीस मिनिटांत मुलगा जिवंत आहे.

रात्री १:३०

शेवटी ते उपाय सुरू करतात. तोंडावर पाणी. कांदा फोडून नाकाशी. मेसच्या फ्रिजमधलं ताक, लिंबू पिळून, चमच्यानं तोंडात. दारू उतरवायला घरोघर जे करतात तेच. यातलं काहीही अफूजन्य विषावर चालत नाही, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेलं ताक घशातून फुप्फुसात जातं. मग “पडू दे” म्हणून ते त्याला पुन्हा उताणं झोपवतात.

उताणं झोपवणं काय करतं हे जगानं एकदा फार मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. २३ ऑक्टोबर २००२ ला मॉस्कोच्या दुब्रोव्का नाट्यगृहात चेचेन बंडखोरांनी आठशेहून अधिक प्रेक्षकांना ओलीस धरलं. २६ तारखेच्या पहाटे रशियन दलांनी आत वायू सोडला. पुढे ब्रिटिश शास्त्रज्ञांनी वाचलेल्यांच्या कपड्यांवर आणि लघवीत कारफेंटानिल आणि रेमिफेंटानिल शोधून काढलं, दोन्ही अफूजन्य कुळातली अतिजहाल औषधं. बंडखोर मारले गेले. पण ओलिसांपैकी १३० जण गेले आणि त्यांतले जवळजवळ सगळे त्या वायूनं. बेशुद्ध माणसं बाहेर आणून पायऱ्यांवर, फुटपाथवर, बसमध्ये उताणी ठेवली गेली. जिभा मागं पडल्या, उलटीनं घसे बंद झाले. काय सोडलं होतं ते डॉक्टरांना वेळेवर सांगितलं गेलं नाही. उतारा पुरेसा नव्हता. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं २०११ मध्ये बचावाच्या या अपुऱ्या तयारीबद्दल रशियाला दोषी धरलं.

कुशीवर वळवणं आणि काय घेतलंय ते लपवून न ठेवणं. त्या पहाटे तिथं जे हवं होतं तेच आज विश्रामबागेतल्या या खोलीत हवं आहे.

रात्री २:०५

घोरणं थांबतं.

चौघांच्या जिवात जीव येतो. “आता शांत झोपला बघ.” दोघं आपल्या खोलीत जातात. दिवा बंद होतो.

रात्री २:०५ ते २:१५

श्वास थांबल्यावर हृदय काही मिनिटं धडधडत राहतं, रक्तात उरलेल्या प्राणवायूवर. चार ते सहा मिनिटांनंतर मेंदूच्या पेशी मरायला लागतात. मग हृदयही अडखळतं. पार्टनर दोन हातांच्या अंतरावर झोपलेला आहे.

पहाटे ३:३५

पार्टनर लघवीला उठतो आणि जाता जाता त्याचा हात पलंगाबाहेर लोंबकळणाऱ्या हाताला लागतो. हात गार आहे. तो ओरडतो. वॉचमन मामा काठी टाकून वर धावतात, त्यांना वीस वर्षांत असं ओरडणं ऐकल्याचं आठवत नाही. आता १०८ ला फोन होतो. रेक्टर सर लुंगीवर वर येतात आणि पहिलं वाक्य म्हणतात: “मला का नाही उठवलं रे?”

पहाटे ४:१०

सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत डॉक्टर तपासतात आणि वेळ लिहितात.

तीच रात्र, पुन्हा १२:५०

आता हीच रात्र तिथून पुढं वेगळी चालवून पाहू. औषधं तीच, मुलगा तोच, दवाखाने तेवढ्याच अंतरावर. फरक एवढाच धरू: जूनमध्ये प्रवेशाच्या दिवशी या चौघांना आणि रेक्टरांना या खुणा आणि पहिले उपाय शिकवले होते, आणि रेक्टरांनी चौघांना सांगितलं होतं की रात्री कुणाचा जीव धोक्यात असेल तर मला उठवा, आणि ज्यानं उठवलं त्याच्यावर आणि ज्याच्यासाठी उठवलं त्याच्यावर कॉलेज कारवाई करणार नाही.

१२:५२. पार्टनर १०८ लावतो. एक जण रेक्टरांकडं पळतो. फोनवर काय सांगायचं हे त्यांना ठाऊक आहे: “मुलगा उठत नाही, श्वास फार हळू चाललाय, गोळ्या आणि दारू घेतल्यात.” गोळीचं नाव माहीत आहे ते सांगतात आणि रिकामी पट्टी खिशात ठेवतात. ती पट्टी डॉक्टरला दाखवायची आहे, संडासात टाकायची नाही.

१२:५४. दोघं त्याला डाव्या कुशीवर वळवतात, वरचा गुडघा दुमडून पुढं, हात गालाखाली, हनुवटी थोडी वर. तोंडातली उलटी बोटानं काढतात. घोरणं लगेच हलकं होतं, कारण जीभ पुढं आली.

१२:५८. श्वास दहा सेकंदांना एक. रेक्टर हे शिकलेले आहेत: उताणं करून मान मागं, नाक दाबून, तोंडावर तोंड ठेवून दर पाच सेकंदांना एक श्वास, छाती वर येताना दिसेल एवढा. नाडी नसेल तर छाती दाबायची. यातलं सगळं औषधाशिवाय करता येतं आणि त्या काही मिनिटांत मेंदू त्याच्यावर जगतो.

१:१०. अँब्युलन्स. डॉक्टर मास्क आणि फुग्यानं श्वास देतात, प्राणवायू लावतात.

१:२५. कॅज्युअल्टीत नॅलोक्सोन. हे औषध १९६१ मध्ये शोधलं गेलं, अमेरिकेत १९७१ पासून वापरात आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत १९८३ पासून. मेंदूत ज्या जागा अफूजन्य औषधानं धरून ठेवल्या आहेत तिथून ते त्याला ढकलून देतं आणि स्वतः बसतं, पण स्वतः काहीच नशा करत नाही. अफूजन्य काही घेतलेलं नसेल तर त्याचा अपाय होत नाही. म्हणून संशयातही देतात. दारूवर आणि झोपेच्या गोळीवर मात्र ते चालत नाही, एमडीवरही नाही, त्यामुळं प्राणवायू चालूच ठेवावा लागतो. ट्रॅमाडॉलवर त्याचा उतार अर्धवट असतो आणि फिटही येऊ शकते, म्हणून डॉक्टर डोळ्यात तेल घालून बसतात. इथं ते इंजेक्शनच्या बारीक अँप्यूलमध्ये येतं. अमेरिकेत सप्टेंबर २०२३ पासून नाकात फवारायचा नॅलोक्सोन चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतो, आणि अनेक विद्यापीठांत तो वसतिगृहाच्या भिंतीवरच्या पेटीत असतो. सांगली-साताऱ्याचा मुलगा तिकडं शिकायला गेला तर त्याला तो कसा वापरायचा हे शिकता येतं. इकडं राहिला तर त्याचं नावही कळत नाही.

१:२९. श्वास बारा. मुलगा डोळे उघडतो, कण्हतो, चिडतो, घरी जायचं म्हणतो.

इथं आणखी एक जागा आहे जिथं मुलं दगावतात. मुलगा बोलायला लागला की मित्रांना वाटतं झालं, आणि रेक्टरांनाही वाटतं पहाटेच्या आत परत न्यावं, कुणाला कळायला नको. नॅलोक्सोनचा असर तीस ते नव्वद मिनिटं. गोळीचा त्याहून कितीतरी लांब. रात्री अडीचला तो पुन्हा झोपेत बुडायला लागतो, श्वास पुन्हा मंद होतो. खाटेवर असल्यानं सिस्टरला ते दिसतं आणि दुसरी मात्रा दिली जाते, मग सलाइनमधून हळूहळू. रिक्षात किंवा वसतिगृहात असता तर पुन्हा कुणीतरी ‘शांत झोपला’ म्हटलं असतं.

सकाळी आठला एमएलसीसाठी पोलीस जबाब घेतात. दुपारी वडिलांना फोन होतो, तो रेक्टर करतात आणि पहिलं वाक्य असतं, “मुलगा ठीक आहे.” मानसोपचार विभागाचे डॉक्टर त्याच्याशी बोलतात: गोळी गुडघ्यासाठी होती की आता तिच्याशिवाय चैन पडत नाही? उत्तर दुसरं असेल तर उपचार असतात, आणि १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत फोन आहे. ज्यानं पट्टी दिली त्याचा तपास वेगळा चालावा, नीट चालावा, दुकानाच्या वहीपर्यंत जावा.

सातारा-सांगलीला हे सगळं नवीन शिकवावं लागेल असं मला वाटत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात जे वसतिगृह सुरू केलं आणि ज्याला १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंगचं नाव मिळालं, तिथं वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र रांधत आणि एका पंगतीत जेवत. शेजारच्या पोराच्या पोटात अन्न गेलं का, हे पाहणं तिथं मुलांचंच काम होतं. त्याच्या छातीत श्वास जातोय का, हे पाहणंही तेवढंच त्यांचं काम आहे, आणि ते करायला त्यांना मोकळं ठेवणं संस्थाचालकांचं.

वसतिगृहाच्या प्रवेश अर्जावर आज ज्या वीस-बावीस अटी असतात, त्यांत बहुतेक वाक्यं ‘आढळल्यास तत्काळ निलंबन’ अशी संपतात. त्यांच्या वर, पहिल्या ओळीत, हे छापता येईल: ‘स्वतःच्या किंवा मित्राच्या जिवासाठी कोणत्याही वेळी रेक्टरांना उठवणाऱ्या किंवा १०८ बोलावणाऱ्या विद्यार्थ्यावर, आणि ज्याच्यासाठी मदत मागितली त्या विद्यार्थ्यावर, त्या प्रसंगातील नशेच्या सेवनाबद्दल महाविद्यालय शिस्तभंगाची कारवाई करणार नाही.’ प्राचार्यांची सही, पालकांची सही. खाली रेक्टरांचा मोबाइल आणि सिव्हिलच्या कॅज्युअल्टीचा नंबर. याला ठराव लागतो एका बैठकीचा, आणि प्रवेश जूनमध्ये सुरू होतात.